प्रवाळ अडतं कुठे?

गोंदिया जिल्ह्यातलं बिरसी राज्याला माहीत आहे ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. आज तिथे वैमानिकांचं प्रशिक्षणही चालतं. भोवताली धानाच्या बांध्या, बोड्या आणि मालगुजारी तलाव. पाण्याला तोटा नाही, पण सगळं गोडं. खारं पाणी गाठायचं तर कुठल्याही दिशेनं पाचशे किलोमीटरच्या पलीकडे जावं लागतं. अशा गावात कुणी हौसेनं घरात प्रवाळाची टाकी मांडली, मीठ मिसळून समुद्राचं पाणी तयार केलं, महागडे दिवे लावले आणि सहा महिन्यांनंतरही प्रवाळाचा तुकडा होता तेवढाच राहिला, तर नेमकं काय अडलं असेल?

प्रश्न छंदाचा आहे, पण त्याचं उत्तर शोधताना प्रवाळांचं सगळं शरीरशास्त्र उलगडतं. मालवणच्या समुद्रात प्रवाळ जगवू पाहणाऱ्यांनाही याच प्रश्नाशी झगडावं लागतं. म्हणून हा प्रश्न बिरसीतल्या एका खोलीत ठेवूनच सोडवून पाहू. समुद्र जवळ नसला की समुद्र काय काय फुकट पुरवत होता ते नीट कळतं.

आधी एक खुलासा. अंगठीतलं लाल पोवळं आणि प्रवाळभित्ती बांधणारं प्रवाळ हे वेगवेगळे प्राणी आहेत. पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं, अंधाऱ्या, थंड पाण्यात वाढतं. आपल्याला ज्याच्याशी कर्तव्य आहे ते उथळ, उबदार, उजेडाच्या पाण्यातलं प्रवाळ. त्याचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुतेक जातींत काही मिलिमीटरचाच असतो. मध्ये तोंड, भोवती स्पर्शिका आणि बुडाशी स्वतःच बांधलेली दगडाची वाटी. त्याच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. ती दिवसभर उजेडावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. या इंधनावर प्रवाळ आपल्या कातडीखाली, जुन्या सांगाड्याच्या वर, द्रवाचा एक अतिशय पातळ थर सांभाळतं. त्या थरात ते कॅल्शियम आत ओढतं आणि आम्ल बनवणारे हायड्रोजन आयन बाहेर फेकतं. थर पुरेसा अल्कधर्मी झाला की त्यात अ‍ॅरॅगोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक धरू लागतात. प्रवाळाची वाढ म्हणतात ती हीच, पाण्यातून दगड काढण्याची क्रिया.

ही वाढ डोळ्यांना लवकर दिसत नाही, आणि निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात. छोटा तुकडा दगडावर चिकटवला की फांदीदार जातीसुद्धा लगेच उंच होत नाहीत. आधी बुडाशी एक पातळ साय पसरते, चिकटवण्याच्या डिंकावरून पुढे सरकते, दगडाला धरते. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच होत नाही. भिंग घेऊन फांदीचं टोक पाहिलं तर तिथे पांढुरका ठिपका दिसतो. तो रोग नव्हे. तिथला सांगाडा इतका ताजा असतो की शैवालांनी अजून तिथे वस्ती केलेली नसते. बुडाशी कड सरकते आहे आणि टोकं पांढुरकी आहेत, एवढं दिसलं तरी प्रवाळ वाढतंय असं समजावं. दर महिन्याला एकाच जागेवरून, शेजारी पट्टी धरून काढलेला फोटो रोजच्या निरखण्यापेक्षा खरं सांगतो. जातीजातीत फरकही मोठा आहे. समुद्रात फांदीदार अ‍ॅक्रोपोरा वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वाढू शकतं, तर गोलसर पोराइट्सला सेंटिमीटरभर वाढायला वर्ष लागतं. पोराइट्स लावून अ‍ॅक्रोपोराची अपेक्षा धरली तर निराशाच पदरी येणार.

एवढं पाहूनही वाढ खरोखरच खुंटलेली असेल, तर बहुतेक जण दिव्यांकडे वळतात. त्यालाही कारण आहे. जमैकात काम करणाऱ्या टॉमस गोरो यांनी १९५०च्या दशकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवून दिलं, की उजेडात प्रवाळाचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगानं वाढतो. नंतरच्या अनेक प्रयोगांची सरासरी काढली तेव्हा हा फरक साधारण तिपटीचा निघाला. पण उजेड देतो ती शक्ती, माल नव्हे. शैवालांची उजेड पचवण्याचीही मर्यादा असते. ती ओलांडली की जादा उजेड त्यांना बाधतो, प्रवाळ फिकट पडतं. दिवे पुरेसे असतील, रोज आठ-दहा तास एकाच वेळेला लागत-विझत असतील, तर उजेडाचा विषय तिथेच सोडून पाण्याकडे यावं. माझ्या मते घरगुती टाकीत वाढ अडते ती बहुतेक वेळा पाण्यातच.

पाण्यात बघायचं काय? हौशी मंडळी सगळ्यात आधी कॅल्शियम मोजतात. दगड कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम कमी पडत असणार, असा सरळ हिशेब. पण समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम असतं, आणि दगड बनवायला लागणारा दुसरा घटक, कार्बोनेट-बायकार्बोनेट, त्या मानानं फारच थोडा. या दुसऱ्या घटकाचं माप म्हणजे अल्कलिनिटी. ती डीकेएच या जर्मन अंशात मोजतात आणि समुद्रात ती साधारण सातच्या आसपास असते. रसायनशास्त्राच्या हिशेबानं प्रवाळांनी ही अल्कलिनिटी सातवरून निम्म्यावर आणली, तरी कॅल्शियम ४१० वरून जेमतेम ३८५ वर उतरतं. म्हणजे कॅल्शियमचा आकडा छान दिसत असतानाच प्रवाळाची उपासमार सुरू झालेली असते. बिरसीच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. बांधीत जस्त कमी असलं, की युरियाच्या कितीही गोण्या ओतल्या तरी धान उठत नाही, पानांवर खैऱ्याचे तांबूस ठिपके तसेच राहतात. प्रवाळाच्या टाकीत जस्ताच्या जागी अल्कलिनिटी असते.

ती मोजायची रीत सोपी आहे. छोट्या कुपीत मोजून टाकीचं पाणी घ्यायचं, सूचकाचे थेंब टाकायचे. पाणी निळसर-हिरवं होतं. मग सिरिंजमधून आम्लाचा एकेक थेंब सोडत, प्रत्येक थेंबानंतर कुपी हलवत राहायचं. बराच वेळ काही होत नाही, आणि मग एका थेंबासरशी रंग गुलाबीकडे वळतो. सिरिंजमध्ये किती आम्ल संपलं त्यावरून आकडा कळतो. पाच मिनिटांचं काम. हे आज आणि उद्या त्याच वेळेला केलं, की टाकीतली प्रवाळं दिवसाला किती खातात ते हाती येतं.

समजा टाकी दोनशे लिटरची आहे आणि अल्कलिनिटी रोज एक अंशानं उतरते. याचा अर्थ टाकीत दिवसाला साधारण साडेतीन ग्रॅम दगड तयार होतोय. ही तूट भरायला रोज सहा ग्रॅम खाण्याचा सोडा आणि त्याच्या जोडीला सव्वापाच ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) लागेल. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवून, वेगवेगळ्या वेळी, टाकीत जिथे प्रवाह जोरात आहे तिथे सोडायचं. एकत्र केलं तर बाटलीतच चुनखडी होऊन बसते. महागड्या बाटल्यांमधून विकल्या जाणाऱ्या द्रावणांचं मूळही बहुधा हेच असतं. आणि तूट रोजच्या रोज भरायची. आठवडाभर विसरून रविवारी सगळं एकदम ओतलं, तर अल्कलिनिटीच्या उडीनं अ‍ॅक्रोपोराची टोकं जळतात. दिवसात एका अंशाच्या वर हलवू नये, अर्ध्या अंशात भागलं तर उत्तम. सात असो, आठ असो की नऊ, आकडा ठरला की तो हलू द्यायचा नाही.

इथपर्यंत सगळं ठीक असूनही वाढ मंद असेल, तर संशय घ्यावा तो खोलीतल्या हवेवर. या संशयामागे एक मोठा प्रयोग आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या मुलखात ‘बायोस्फिअर २’ नावाची काचेची अवाढव्य इमारत उभारली गेली. बाहेरच्या जगापासून तोडलेली एक छोटी पृथ्वी आत वसवायची, अशी ती कल्पना होती. १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं तिच्यात बंद होऊन राहिली. आत पंचवीस लाख लिटरहून मोठा खारा समुद्र होता आणि त्यात प्रवाळं होती. बंद हवेत कार्बन डायऑक्साइड साचत गेला, पाण्यात उतरला, पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, खाली आला. पुढे ही इमारत कोलंबिया विद्यापीठाकडे गेली, तेव्हा ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी याच कृत्रिम समुद्रात मोजमापं केली. पाण्यातलं कार्बोनेट घटलं की प्रवाळभित्तीची दगड बनवण्याची गती त्याच प्रमाणात घटते, असं त्यांनी २००० मध्ये मांडलं. समुद्राच्या आम्लीकरणाबद्दल आज जगाला जी चिंता आहे, तिच्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांपैकी एक पुरावा वाळवंटातल्या या टाकीतून आलेला आहे.

बिरसीतली एसी लावून बंद केलेली खोली ही अशीच एक छोटी इमारत असते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास आहे. दारं-खिडक्या लावलेल्या, दोन-चार माणसं झोपलेल्या खोलीत तो हजाराच्या पुढे सहज जातो. हवेतलं प्रमाण दुप्पट झालं, की पाण्याचा सामू साधारण ०.३ नं उतरतो. प्रवाळासाठी हा उतार मोठा आहे, कारण हायड्रोजन आयन बाहेर फेकायला तेवढीच जास्त शक्ती खर्चावी लागते. हे घरी तपासता येतं. टाकीतलं पेलाभर पाणी घराबाहेर ओट्यावर ठेवावं, त्यात एअरपंपाची नळी सोडून तासभर बुडबुडे येऊ द्यावेत आणि आधीचा व नंतरचा सामू मोजावा. तो ठळकपणे वर चढला, तर दोष टाकीचा नाही, हवेचा आहे. मे महिन्यातल्या गोंदियाच्या उन्हात खिडकी उघडी ठेवा असं कोण सांगणार? त्यापेक्षा स्किमरची, म्हणजे हवेच्या फेसानं पाण्यातला मळ काढणाऱ्या यंत्राची, हवा ओढणारी नळी भिंतीतून बाहेर काढणं सोपं. मात्र शेजारच्या बांधीत फवारणी चालू असेल त्या दिवशी ती बंद ठेवलीच पाहिजे. कीटकनाशकं टाकीतल्या कोळंबी-खेकड्यांचा पहिला घास घेतात.

हवेतल्या या जादा कार्बन डायऑक्साइडवर एक जुना आणि स्वस्त उपाय आहे, चुन्याची निवळी. जर्मन हौशी मंडळींनी तो रूढ केला. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळायचं, खाली बसू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी थेंबाथेंबानं टाकीत सोडायचं. लिटरमध्ये दीड-एक ग्रॅमच विरघळतं, पण त्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात आणि वर सामूही चढतो. रात्री शैवालं थांबलेली असतात, सामू खाली येतो, म्हणून निवळी रात्री सोडावी. पानटपरीवरचा चुना यासाठी चालत नाही, त्यात काय काय असेल सांगता येत नाही. आणि निवळीचा सामू बाराच्या वर असतो, तेव्हा हात आणि डोळे सांभाळूनच काम करावं.

विदर्भात या निवळीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. निवळी टाकतात ती उडून गेलेल्या पाण्याच्या जागी. मे महिन्यात हवा कोरडीठाक, टाकीवर पंखा लावलेला, दोनशे लिटरमधून रोज तीन-चार लिटर पाणी उडतं असं धरू. एक अंशाची रोजची तूट भरायला पावणेदोन लिटर निवळी पुरते, म्हणजे जागा भरपूर. मृग बरसला, हवा दमट झाली, की तेच बाष्पीभवन लिटरभरावर येतं. आता पावणेदोन लिटर निवळी मावणार कुठे? एक लिटरच गेली, तर रोज जवळजवळ अर्ध्या अंशाची तूट राहते आणि हिशेबानं आठवड्यात अल्कलिनिटी तीन अंशांनी खाली येते. उन्हाळ्यात जोमानं वाढणारं प्रवाळ जुलैत थबकतं, आणि मालक दिवे बदलत बसतो. त्याच सुमारास पंख्याचा गारवाही संपतो. मेमध्ये घर गार करणारा कूलर जुलैत नुसता चिकचिकाट करतो, त्यामागचं कारणच टाकीलाही लागू आहे. पाणी उडेनासं झालं की गारवा बंद. पाणी पंचवीस-सव्वीस अंश सेल्सिअसवर राखायचं तर पावसाळ्यातल्या उकाड्यातही एसी किंवा चिलर हवाच. लोडशेडिंगसाठी बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असलाच पाहिजे. पाणी थांबलं की प्राणवायू संपायला एक रात्र पुरते.

पाण्यातल्या खताबद्दल, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेटबद्दल, एक मोठा गैरसमज दूर व्हायला हवा. पाणी जितकं निर्मळ तितकं प्रवाळ खूष, असं मानून नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणण्याचा अट्टाहास केला जातो. फॉस्फेट जास्त झालं तर ते स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून वाढ रोखतं, हे खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या वन ट्री बेटाजवळच्या प्रवाळावर नायट्रोजन आणि फॉस्फेटचं खत सोडून केलेल्या प्रयोगात दगड बनण्याचा वेग निम्म्याहून खाली आला होता. पण अगदी नसणंही घातक. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या योर्ग वीडेनमान यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट मात्र नाही अशा पाण्यात शैवालं उपाशी पडतात, आणि उष्णता-उजेडाचा ताण आला की प्रवाळ पांढरं पडतं. म्हणून तपासणीत दोन्ही थोडे थोडे दिसले पाहिजेत. बोअरचं पाणी सरळ वापरू नये, आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय गाळणीतून आलेलंच पाणी मिठात मिसळावं. आणि प्रवाळाला खाऊ घालावं. मोनॅकोच्या संशोधकांनी स्टायलोफोरा या प्रवाळाला आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची पिल्लं खाऊ घातली, तेव्हा उपाशी ठेवलेल्या तुकड्यांपेक्षा त्याचा सांगाडा वेगानं वाढला. दिवे विझल्यावर स्पर्शिका बाहेर येतात, तीच जेवणाची वेळ.

प्रवाहाबद्दल एवढंच, की तो उलटसुलट असावा आणि पंप महिन्याला धुवावा. पंपाच्या पात्यांवर चुनखडीचा थर चढला की कुणाच्या लक्षात न येता प्रवाह निम्मा होतो.

टाकीतली ही विद्या समुद्राच्याही कामी येते. फ्लोरिडातल्या मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांच्या हातून एक प्रवाळ चुकून तुटलं. मागे उरलेले बारीक कण मरतील असं वाटलं होतं, पण तेच झपाट्यानं पसरू लागले. जखम भरून काढताना प्रवाळ नेहमीपेक्षा कितीतरी वेगानं वाढतं, हे त्यातून पुढे आलं. आता संथ जातींचे नखाएवढे तुकडे करून ते जवळजवळ लावतात, एकाच वसाहतीचे तुकडे एकमेकांना भिडले की जुळून जातात. आपल्याकडे तुतिकोरीनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेनं मन्नारच्या आखातात काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे लावून उजाड भाग पुन्हा वसवायला घेतले. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या १८ प्रवाळ वसाहती वन विभागाची परवानगी घेऊन दुसरीकडे हलवल्या गेल्या. ते काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं केलं. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहे, हे अनेक मुंबईकरांना त्या बातमीनंच कळलं.

आपलं मोठं प्रवाळधन सिंधुदुर्गात आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. त्याहून समृद्ध आहे विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेली, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखली जाणारी आंग्रिया बँक. मालवणचं प्रवाळ मुळातच काठावर जगतं. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ, उन्हाळ्यात तापलेला समुद्र, वर पर्यटकांचे पाय आणि होड्यांचे नांगर. घरच्या टाकीत अल्कलिनिटीचा एका अंशाचा चढउतार सांभाळताना जी दमछाक होते, ती अनुभवलेल्या माणसाला मालवणच्या प्रवाळाची चिकाटी अधिक कळते.

म्हणून बिरसीत, गोंदियात किंवा नागपुरात टाकी ठेवू इच्छिणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. भारतीय समुद्रातली सगळी भित्ती बांधणारी प्रवाळं, समुद्रपंखे आणि काळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. ती काढणं, विकणं किंवा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. किनाऱ्यावरून शोभेसाठी उचललेला मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. परदेशात शेतीसारखं वाढवलेलं दगडी प्रवाळ आणायचं, तर त्याला वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराची आणि आयातीची कागदपत्रं लागतात. दुकानदार ती दाखवू शकत नसेल, तर तुकडा कितीही सुंदर असो, घेऊ नका. सुरुवात करायची तर रीतसर मिळणाऱ्या मऊ प्रवाळांपासून करा. त्यांना दगडी सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे अल्कलिनिटीच्या चुका ती सोसतात. तोवर पाणी मोजायचा हात बसतो. आणि सुट्टीत मालवणला गेलात, तर पाण्यात उतरताना प्रवाळावर पाय ठेवू नका, तिथला दगड घरी आणू नका.